रायझन ५ ५६०० ओव्हरक्लॉक करायचा, बोर्ड दहा हजारांच्या आत : पत्र्याच्या खोलीचा हिशेब धरून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला सांगलीत, विश्रामबागला. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. प्रोसेसर रायझन ५ ५६०० घ्यायचे पक्के झाले आहे आणि तो ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा आहे. मदरबोर्डला दहा हजारांच्या आत. दुकानदाराने तीन बोर्ड दाखवले: एक ए५२०, एक जुन्या स्टॉकमधला बी४५० आणि एक बी५५० (ही नावे चिपसेटची, म्हणजे बोर्ड काय काय करू देतो हे ठरवणाऱ्या चिपची). मित्र म्हणतो हे सगळे सोड, इंटेलचा १२४०० आणि बी७६० बोर्ड घे. काय घ्यावे?

बी५५० घ्या. मात्र बी५५० नाव दिसले म्हणून लगेच उचलू नका. सॉकेटशेजारच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज उतरवून देणारा भाग) धड हीटसिंक आहे, प्रोसेसरच्या पॉवरचे कनेक्टर ८ पिनांचे आहे आणि बायोस, म्हणजे बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवरून बदलणारे फ्लॅशबॅकचे बटण आहे, या तीन गोष्टी असलेलाच घ्या. दहा हजारांत तो मिळतो. झगमगते लाइट, वायफाय, तीन-तीन एम.२ स्लॉट यांवर त्यातला एक रुपयाही घालवू नका. पत्र्याच्या खोलीत ओव्हरक्लॉक टिकेल की नाही हे सॉकेटच्या डावीकडचा हा व्हीआरएमचा पट्टा ठरवतो.

मित्राचा सल्ला आधी बघू. इंटेलमध्ये मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक, वाढवायचा तर दोन गोष्टी एकदम लागतात: प्रोसेसरच्या नावात 'के' आणि चिपसेटच्या नावात 'झेड'. १२४०० मध्ये के नाही, बी७६० मध्ये झेड नाही. कुलूप दोन्हीकडून आहे. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरची वॅटची मर्यादाही सैल करता येते, पण मेगाहर्ट्झ कंपनीने ठरवले तेवढेच. १२४०० चांगला प्रोसेसर आहे, ओव्हरक्लॉक करायचाच नसेल तर खुशाल घ्या. करायचा असेल तर १२६००केएफ आणि झेड६९० अशी जोडी लागते. त्या प्रोसेसरची टर्बो मर्यादाच १५० वॅट आहे, त्यामुळे बोर्ड, कूलर आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तिन्ही एकेक पायरी वर चढतात. दहा हजारांत ते गणित जमत नाही.

ए५२० ची अडचण तीच. एएमडीने त्या चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग बंद ठेवले आहे, फक्त रॅमचे चालू आहे. खोक्यावर 'ओव्हरक्लॉकिंग सपोर्ट' असे छापलेले दिसले तरी ते रॅमबद्दल असते.

राहिले बी४५० आणि बी५५०. दोन्हींवर ओव्हरक्लॉकिंग चालते. बी४५० हा २०१८ चा, बी५५० हा २०२०चा. ५६०० सह बी५५० वर ग्राफिक्स कार्डाचा मुख्य स्लॉट आणि पहिला एम.२ स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ४.० वेगाने चालतो, बी४५० वर ३.० ने. पूर्ण १६ लेनच्या (लेन म्हणजे माहिती ने-आण करण्याच्या वाटा) कार्डाला हा फरक जाणवणार नाही. पण स्वस्त कार्डे हल्ली ८ लेनची असतात आणि आरएक्स ६५०० एक्सटीसारखी तर फक्त ४ लेनची, तिथे ३.० वर वेग चांगलाच पडतो. प्रोसेसर मात्र ५६०० च घ्या. ५५०० किंवा ५६००जी घेतलात तर ते स्वतःच ३.० चे आहेत, बी५५० घेऊनही स्लॉट ३.० वरच चालेल. जुन्या स्टॉकच्या बी४५० ला आणखी एक धोका आहे. त्याच्यातला बायोस रायझन ५००० च्या आधीचा असेल तर ५६०० बसवल्यावर पडद्यावर काहीच येत नाही. खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असे स्टिकर असेल तरच हात लावा, किंवा दुकानदाराकडून बायोस अपडेट करून, चालू करून दाखवून घ्या. व्हीआरएम भक्कम असलेला एखादा बी४५०, जसे एमएसआयचा टोमाहॉक मॅक्स, चांगल्या किमतीत मिळत असेल तर तो हलक्या बी५५० पेक्षा बरा, हेही सांगून ठेवतो. चिपसेटचे नाव ही पहिली चाळण, खरी निवड पुढच्या टप्प्यावर होते.

व्हीआरएम कसा वाचायचा

एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. हे १२ चे सव्वा करणारी जी साखळी, ती व्हीआरएम. व्होल्टेज उतरले की करंट त्याच प्रमाणात चढतो आणि बोर्डाला तापवतो तो करंटच.

आकडे मांडून बघा. ५६०० ची कंपनीने ठरवलेली मर्यादा ७६ वॅट आहे. पीबीओ (मर्यादा वाढवून प्रोसेसरला स्वतःच वेग चढवू देणारी एएमडीची सोय) मोकळा सोडला तर सगळ्या कोअरवर भार असताना तो ११० वॅटपर्यंत जातो असे धरू. त्यातले १५-२० वॅट कोअरबाहेरच्या भागाचे. उरलेले ९० वॅट १.२५ व्होल्टवर, म्हणजे ७२ अँपिअर. हा करंट व्हीआरएमच्या ४ फेजमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी काम करणाऱ्या सारख्या शाखांमध्ये, वाटला तर प्रत्येकी १८, आणि ८ फेजमध्ये वाटला तर प्रत्येकी ९. मॉसफेटमध्ये, म्हणजे फेजमधल्या करंट चालू-बंद करणाऱ्या चिपांमध्ये, जी उष्णता होते तिचा मोठा भाग करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. करंट निम्मा झाला की प्रत्येक फेजमधली उष्णता चौथाई होते. फेज दुप्पट आहेत, तेव्हा एकूण उष्णता निम्मी. शिवाय ती दुप्पट जागेवर पसरते, त्यामुळे हीटसिंकला सोपे जाते.

याच हिशेबाचा दुसरा अर्थही घ्या. ७२ अँपिअर हा काही मोठा आकडा नाही. ५६०० ला १४ फेजचा बोर्ड लागत नाही. ५+३ फेजचा (५ कोअरचे आणि ३ एसओसीचे, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरबाहेरच्या भागाचे) साधा बोर्ड, उदाहरणार्थ गिगाबाइटचा बी५५०एम डीएस३एच, प्रत्येक फेजला पंधराच्या आत अँपिअर ठेवतो आणि वारा मिळाला तर निभावतो. ८+२ चा, जसे असूसचा टफ गेमिंग बी५५०एम-प्लस, निवांत राहतो आणि उद्या आठ कोअरचा प्रोसेसर टाकलात तरी पुरतो. त्याच्या वर जाऊन खर्च केलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घातलेला बरा. (पुढेमागे ५७००एक्स३डी टाकायचा विचार असेल तर त्याचा मल्टिप्लायर कंपनीनेच बंद केलेला आहे. त्याला महागड्या बोर्डाचा काहीच उपयोग नाही.)

जाहिरातीतल्या फेजच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. '१०' छापलेले असते, त्यात ८ कोअरचे आणि २ एसओसीचे असू शकतात, नाहीतर ४ खऱ्या फेजना दोन-दोन चोक (करंट सपाट करणाऱ्या कॉइल) जोडलेले असू शकतात. दोन चोक जोडलेल्या फेजमुळे उष्णता विभागते हे खरे, व्होल्टेजचा स्थिरपणा मात्र खऱ्या दुप्पट फेजइतका येत नाही. म्हणून बोर्ड प्रत्यक्ष बघावा.

दुकानात बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीतून बाहेर काढून दाखवायला सांगा. आधी कॅबिनेटच्या किंवा रॅकच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मग बोर्ड कडेने धरा. कीबोर्ड आणि एचडीएमआयचे पोर्ट डावीकडे आले की सॉकेटच्या डाव्या अंगाला करड्या-काळ्या चौकोनी वड्यांची उभी रांग दिसेल. हे चोक. ते मोजा. सॉकेटच्या वरच्या बाजूला आणखी दोन-तीन दिसतील, ते बहुतेक एसओसीचे. चोकच्या पलीकडे, पोर्टांच्या बाजूला, हीटसिंकखाली मॉसफेट असतात. मोबाइलची टॉर्च लावून हीटसिंकच्या खालच्या फटीत आडवे बघा. करडा किंवा निळसर थर्मल पॅड दिसतो. तो रांगेतल्या सगळ्या काळ्या चिपांवर टेकला आहे का, की एका टोकाला चिप उघडी राहिली आहे? आता हीटसिंकवर बोटाने अगदी हलका दाब द्या. तो डुगडुगला तर पॅड एका बाजूने सुटलेला आहे. बोर्ड उलटा करा. हीटसिंकच्या जागी मागून स्क्रूची डोकी दिसली तर उत्तम. प्लॅस्टिकच्या स्प्रिंगवाल्या पिना असतील तर चालेल, पण दोन उन्हाळ्यांनी दाब कमी झाला की नाही हे तपासावे लागेल. हीटसिंकच नसेल तर बोर्ड परत पिशवीत घाला आणि किमतीची घासाघीससुद्धा करू नका.

वेबसाइटवरच्या मोठ्या फोटोत आणखी एक गोष्ट ओळखता येते. प्रत्येक चोकसमोर एकच चौकोनी चिप असेल तर ते डीआरमॉस, म्हणजे वरचा-खालचा मॉसफेट आणि त्यांचा ड्रायव्हर एकाच पुडक्यात. दोन-तीन छोट्या चिपा असतील तर सुटे मॉसफेट. डीआरमॉस कमी तापतात. सुटे मॉसफेट म्हणजे बाद असे नाही, पण ४ फेज आणि सुटे मॉसफेट असे दोन्ही एकत्र आले तर पत्र्याखाली घेऊ नका.

ज्या बोर्डाची माहिती वाचून आलात त्याचे रिव्हिजन, म्हणजे आवृत्तीचा आकडाही, जुळवा. काही कंपन्या नाव तेच ठेवून आतले मॉसफेट बदलतात. गिगाबाइटच्या बोर्डावर हा आकडा खालच्या कोपऱ्यात छापलेला असतो.

पत्र्याचा हिशेब

मॉसफेट १२५ अंशांपर्यंत तग धरतात असे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, आणि दुकानदार तेच सांगतो. पण भोवतीचे कॅपॅसिटर त्याच उष्णतेत शिजत असतात. सॉलिड कॅपॅसिटरचा ठोकळ हिशेब असा की तापमान २० अंश कमी झाले की आयुष्य दहापट वाढते. हाच हिशेब उलटाही चालतो.

परदेशी चाचण्यांत व्हीआरएम ७५ अंशांवर दिसतो तेव्हा ती खोली २०-२५ अंशांची असते. सांगलीत एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याखाली दुपारी तीनला त्याहून जास्त, बंद कॅबिनेटच्या आत आणखी आठ-दहा अंश चढे. खोलीचे तापमान जितके वाढेल तितकेच व्हीआरएमचेही वाढते. म्हणून चाचणीत जो आकडा वाचाल त्यात निदान २० मिळवा. त्यांचे ७५ म्हणजे तुमचे ९५. त्यांचे ९५ असलेला बोर्ड तुमच्या खोलीत स्वतःच वेग पाडू लागेल, आणि तुम्ही ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर न केलेल्यापेक्षा हळू चालेल. साताऱ्यात किंवा वाईकडे स्लॅबच्या खोलीत हाच हिशेब बराच सौम्य होतो. तिथे ५+३ चा बोर्ड निर्धास्त घ्यावा, तुमच्यासाठी मात्र ८+२ कडे कल ठेवतो.

कूलरचा इथे थेट संबंध आहे. ५६०० सोबत येणारा रेथ स्टेल्थ हा पंखा खाली, बोर्डाकडे वारा फेकतो. व्हीआरएमला तो उपकारक, प्रोसेसरला मात्र पीबीओ सोडल्यावर अपुरा. १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर बसवा; त्याचा वारा मागे जाताना व्हीआरएमला थोडा लागून जातो. पाण्याचा कूलर लावलात तर सॉकेटभोवती वाराच उरत नाही. मग प्रोसेसर ६५ वर आणि व्हीआरएम १०५ वर अशी अवस्था होते आणि कारण लवकर सापडत नाही. कॅबिनेट पुढून जाळीचे घ्या, पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर. म्हणून बोर्डावर सीपीयूचा सोडून निदान दोन फॅन हेडर आहेत का तेही बघून घ्या.

रॅमबद्दल थोडक्यात. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३६००, सीएल१८ (रॅमच्या उत्तराची दिरंगाई) किंवा त्याहून खाली. एक्सएमपी (रॅमच्या छापील वेगाचे तयार सेटिंग) चालू केले की १.३५ व्होल्टवर चालते. असूसच्या बोर्डावर त्यालाच डीओसीपी म्हणतात. ३६०० वर एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या दुव्याचा वेग) १८०० राहतो, रॅमचे खरे घड्याळही ३६०० च्या निम्मे असते, आणि दोघे बरोबरीने चालतात. त्याच्या वर गेलात तर बरोबरी मोडू शकते आणि जास्त आकड्यावर उलट हळू चालते. चार स्लॉट असतील तर सॉकेटपासून दुसरा आणि चौथा वापरा. दोनच स्लॉट असलेला बोर्ड कमी दर्जाचा समजू नका. ५६०० मध्ये खेळांसाठी रॅम ३६०० वर नीट बसवल्याचा फायदा कित्येकदा प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकइतकाच असतो, आणि तोही जास्तीची उष्णता न करता.

बायोस फ्लॅशबॅक

हे बटण ओव्हरक्लॉक करणाऱ्याला नंतरही उपयोगी पडते, नवा बायोस बिघडला तरी बोर्ड परत उठवता येतो. कृती अशी. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. कंपनीच्या साइटवरून आपल्याच बोर्डाची, आपल्याच रिव्हिजनची फाइल उतरवा, झिप सोडवा, आणि कंपनी सांगते ते नेमके नाव फाइलला द्या. नाव एका अक्षराने चुकले तर लाइट दोन-चारदा लुकलुकून विझतो, आणि लोक समजतात बोर्ड खराब आहे. २४ पिनांचे आणि ८ पिनांचे कनेक्टर लावा, प्रोसेसर-रॅम नसले तरी चालते. पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टातच लावा, शेजारच्या नाही. बटण तीन सेकंद दाबा. लाइट लुकलुकत राहील, पाच-आठ मिनिटांत थांबेल. या वेळात वीज जाता कामा नये, म्हणून हे काम यूपीएसवरच करा. वळवाचा पाऊस येण्याची लक्षणे असतील तर दुसऱ्या दिवशी करा.

ओव्हरक्लॉक करताना

५६०० ला सगळ्या कोअरवर एकच ठरीव आकडा आणि ठरीव व्होल्टेज देण्यापेक्षा पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचे व्होल्टेज थोडे कमी करणारे सेटिंग) वापरावा असे माझे ठाम मत आहे. ठरीव व्होल्टेजमध्ये प्रोसेसर रिकामा बसलेला असतानाही जास्त व्होल्टेज घेत राहतो. पीबीओमध्ये गरज असेल तेव्हाच चढतो. मिळणारा फायदाही आधीच समजून घ्या: ४.४ वरून ४.६५ गिगाहर्ट्झ म्हणजे पावणेसहा टक्के. त्याहून मोठी आशा ठेवून बोर्डावर पैसे वाढवू नका.

सुरुवातीला सगळे डीफॉल्टवर ठेवून, एक्सएमपीही बंद ठेवून एक दिवस वापरा. मग एक्सएमपी चालू करा आणि रॅमची चाचणी रात्रभर घ्या. रॅम पक्की झाल्याशिवाय प्रोसेसरला हात लावायचा नाही, नाहीतर चूक कुणाची हे कळत नाही. त्यानंतर बायोसमध्ये अॅडव्हान्स्डखालच्या एएमडी ओव्हरक्लॉकिंगमध्ये जाऊन पीबीओ अॅडव्हान्स्ड करा, मर्यादा मॅन्युअल: पीपीटी (एकूण वॅट) १००, टीडीसी (सततचे अँपिअर) ७०, ईडीसी (क्षणिक अँपिअर) १००. बोर्डाने ठरवलेली 'मदरबोर्ड' मर्यादा निवडू नका. तिथे शेकडोंनी आकडे भरलेले असतात आणि प्रोसेसर फुकट तापतो. थर्मल मर्यादा ८० ठेवा. बूस्ट क्लॉक ओव्हरराइड (कमाल वेग किती मेगाहर्ट्झने वाढवायचा तो आकडा) आधी शून्यच ठेवा.

आता कर्व्ह ऑप्टिमायझर. सगळ्या कोअरना निगेटिव्ह १० द्या. एक अंक म्हणजे सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट, तेव्हा १० म्हणजे ३० ते ५० मिलिव्होल्ट कमी. चालले तर १५, मग २०. कोअरसायकलर हा प्रोग्रॅम लावून एकेका कोअरची चाचणी रात्रभर घ्या. जो कोअर चुकेल त्याचाच आकडा पाच-पाचने मागे घ्या. बहुधा सगळ्यात चांगले दोन कोअर कमी निगेटिव्ह मागतात, कारण ते आधीच काठावर चालवलेले असतात. हे बसले की मग ओव्हरराइड +१००, शेवटी +२००, आणि प्रत्येक वेळी चाचणी पुन्हा.

इथे बहुतेकांची एक चूक होते. सिनेबेंच ही पूर्ण भाराची चाचणी अर्धा तास चालली म्हणजे पक्के, असे ते धरतात. कर्व्ह जास्त खाली नेला असेल तर प्रोसेसर पूर्ण भारात पडत नाही, रिकामा असताना पडतो. पूर्ण भारात वेग खाली असतो आणि व्होल्टेज पुरते. एकच कोअर उसळी मारतो तेव्हा तुटवडा पडतो. गाणे लावून ठेवले आहे, मशीनला हातही लावलेला नाही आणि ते एकदम रीस्टार्ट झाले, तर संशय कर्व्हवर घ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमखाली डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकांची नोंदवही) १८ क्रमांकाची नोंद सापडली की खात्रीच. १९ क्रमांकाच्या नोंदींचा पाऊस पडत असेल तर बहुधा एफसीएलके पेलवत नाही. रॅम ३४६६ किंवा ३२०० वर आणा.

सेटिंग बदलल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. रॅम जुळवताना बोर्ड दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतो, दोन मिनिटे थांबा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक लाइट असतील तर कुठला अडकला आहे ते बघा. हे चार लाइट असलेला बोर्ड मिळाला तर दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. डीरॅमवर अडकला तर मागचा स्विच बंद करा, क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा. तरीही नाही तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटे काढून ठेवा. आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे ना बघा. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, बोर्डावरचा एचडीएमआय त्याच्यासोबत मुका असतो.

टॉवर कूलर काढताना एक जपा. एएम४ मध्ये, म्हणजे ५६०० च्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात आणि सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून कूलरसकट उपटून येतो. आधी दहा मिनिटे मशीन चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलका पिळून सोडवा. सरळ वर ओढू नका.

विजेचे बघा. तीन पिनांच्या प्लगला अर्थिंग खरोखर आहे का ते मल्टिमीटरने तपासा. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी वायरमन बोलवा. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर अॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसला तो मानवत नाही, वीज गेल्याच्या क्षणी मशीन बंद पडते. प्युअर साइन वेव्हचा हवा, किंवा स्वतंत्र १००० व्हीएचा यूपीएस. एसएमपीएस ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ, आणि प्रोसेसरसाठी ८ पिनांची केबल असलेला. ४ पिना लावून ८ पिनांच्या बोर्डावर ओव्हरक्लॉक करू नका, कनेक्टरवर जास्त भार येतो.

कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या बसवलेल्या ठेवा. पावसाळ्यात उबेला पाल आत शिरते आणि व्हीआरएमच्या मागच्या टाक्यांवर चिकटली की बोर्ड संपला.

सेकंडहँड बोर्ड समोर आला तर पुराचे पाणी लागले आहे का हे आधी बघा. कृष्णेला २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आला होता. वरून धुऊन पुसलेला बोर्ड चकचकीत दिसतो. पण पीसीआय स्लॉटच्या तळाशी आणि ऑडिओ जॅकच्या मागे मातकट रेघ राहते, सेलच्या होल्डरची पत्री हिरवट झालेली असते, स्क्रूच्या भोकांभोवती गंज दिसतो. यांतले एक जरी दिसले तरी तो फुकटही घेऊ नका.

नवा घेताना बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या आणि बोर्डावरच्या स्टिकरशी तिथेच जुळवा. वॉरंटीत बोर्ड गेला तर तो कोल्हापूरला जाणार की पुण्याला, कुरिअरचा खर्च कुणाचा, आणि बदली येईपर्यंत साधारण किती दिवस, हे पैसे देण्याआधी विचारा. दोनशे रुपये स्वस्त म्हणून ऑनलाइन मागवायचा असेल तर हाच प्रश्न तिथेही लागू आहे.

बजेट पुढे सरकवता येत असेल तर एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटचा विचार जरूर करा: रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००, सोबत बी६५० बोर्ड. एएमडीने त्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचे जाहीर केले आहे. तिथे ए६२० आणि बी८४० टाळा, त्यांवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग नाही. रॅम फक्त डीडीआर५ चालते आणि एकूण खर्च त्यामुळेच वाढतो. पिना तिथे बोर्डावर असतात, तेव्हा सॉकेटची काळी टोपी जपून ठेवा. पिना वाकलेल्या दिसल्या तर वॉरंटी नाकारली जाते.

मशीन जोडून झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि व्हीआरएम किंवा मॉस नावाची ओळ शोधा. स्वस्त बोर्डांत कधी तो सेन्सरच नसतो. मग मल्टिमीटरसोबत येणारी तापमानाची तार हीटसिंकला चिकटवून मोजा आणि आकड्यात दहा-पंधरा मिळवा. अर्ध्या तासाच्या पूर्ण भारानंतर ९० च्या आत असेल तर छान. ९० ते १०५ असेल तर वारा वाढवा. १०५ च्या वर असेल तर मशीन तसेच सोडू नका. आणि हे सगळे दिवाळीच्या थंडीत बसवले असेल तर एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी, तीनच्या सुमाराला, कॅबिनेटचे झाकण लावून हीच अर्ध्या तासाची चाचणी पुन्हा घ्या. आकडा चढलेला दिसला तर पीपीटी १०० वरून ८८ वर आणा, टीडीसी ६०. वेगात फरक जाणवणारही नाही, व्हीआरएम मात्र लगेच खाली येतो. पाऊस सुरू झाला की परत १०० करा.